विजेच्या पेटीची धून

राजापेठेतल्या मुलींच्या शाळेत ललिताबाई गणित शिकवायच्या. वय चौतीस, लग्न झालेलं नाही. वडील देवराव वारल्यावर दोन खोल्या आणि त्यांचा रेडिओ, एवढीच सोबत उरली होती.

१९६३ साली एका शनिवारी संध्याकाळी लंडनचं केंद्र लागलं आणि एक धून सुरू झाली. ही पेटी विजेवर वाजते, असं निवेदक म्हणाला. ललिताबाई कणकेचा हात तसाच घेऊन रेडिओपाशी येऊन बसल्या. सूर लागला की श्वास न घेता लांबच लांब जायचा, कडेला किंचित थरथरायचा, मग एकाएकी वर चढायचा. असलं काही त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

मग त्या दर शनिवारी रेडिओला कान लावून बसू लागल्या. खरखरीतून जे हाती लागेल ते वहीत लिहायच्या. सूर कुठे वळला, कुठे थांबला. शाळेत एकदा विषय काढला, तर सोबतच्या सुंदराबाई म्हणाल्या, "इंग्रजी गानं? समजते का तुमाले ते?" त्यात शब्दच नव्हते. ललिताबाई वह्या उचलून वर्गावर गेल्या.

पुढल्या वर्षी त्याच धुनेची फर्माईश आली. निवेदकानं नावाची पार मोडतोड केली, तरी कळलं: देवीदास, जठारपेठ, अकोला.

आठवडाभर ललिताबाईंना दुसरं काही सुचेना. रविवारी सकाळी त्यांनी अकोल्याची एसटी धरली. देवीदास टेलरला परदेशातून पत्रं येतात हे साऱ्या जठारपेठेला ठाऊक होतं. घर लगेच सापडलं.

"भाऊ, त्या धुनेतलं तुम्हाला काय आवडतं?" त्यांनी बसताक्षणीच विचारलं.

देवीदास ओशाळला. "धून म्या कुठं आयकली बाई? घरी रेडिओ नाही. सिलोनले, दिल्लीले, लंडनले, सगळीकडं कार्ड टाकतो म्या. आपलं नाव आलं पाह्यजे, बस. त्या धुनेचं नाव तार ऑफिसातल्या एका सायबानं लिहून देल्लं होतं. त्याईले लय आवडे."

"कुठे राहतात ते?"

"त्याईची तं बदली झाली मागच्या महिन्यात. कुठं झाली, काय मालूम. नाव बी नाही इचारलं म्या. सायबच म्हनत होतो."

ललिताबाई उठू लागल्या. देवीदासची बायको इंदूबाई चहा घेऊन आली. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "कशी असते बाई ते धून? म्हनून दाखवा न."

ललिताबाईंनी खाली बघत हलकेच गुणगुणायला सुरुवात केली. वरच्या सुरावर आवाज फाटला. तरी इंदूबाई कपबशी हातात धरून तशीच उभी राहिली.

"मोठ्या वावरात एकटंच रायल्यासारखं वाटते," ती म्हणाली.

"हो," ललिताबाई म्हणाल्या. आणखी काही सांगावं असं त्यांना वाटलं, पण तेवढ्यात देवीदास रेडिओ केंद्रांकडून आलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आला. कार्डं बघण्यात गाडीची वेळ झाली.

एसटीत मूर्तिजापूर गेल्यावर त्यांना आठवलं, धुनेचा पुढचा भाग म्हणायचा राहूनच गेला. मग बडनेऱ्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून त्यांनी तो मनातल्या मनात म्हटला.

अकोल्याला त्या पुन्हा गेल्या नाहीत. शनिवारी मात्र रेडिओ लावत राहिल्या. ती धून काही परत लागली नाही. तशा पेटीची दुसरी गाणी लागायची. ललिताबाई ती वहीत लिहून घेत आणि मग स्वयंपाकाला लागत.