एकदम हललेला कळप

नव्वदच्या दशकात मी बारामतीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत असे. तिथे एक बाई मुलीला सोडायला रोज यायच्या आणि तास संपेपर्यंत दाराजवळ बसून राहायच्या. बाक आधी तळहाताने पुसायच्या, मगच बसायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, मावशीच म्हणायचो.

तेव्हा मी मुलांसाठी मेंढरं हाकण्याचा खेळ लिहीत होतो. त्यासाठी 'चाल', 'वळ' अशा आज्ञांची छोटी भाषाही बनवली होती. पण एकेका मेंढराला दिलेल्या प्रत्येक आज्ञेनंतर कॉम्प्युटरचा अख्खा पडदा नव्याने रंगायचा आणि वीस मेंढरं एकेक करून अडखळत सरकायची. मुलं कंटाळायची. "सोमवारपर्यंत जमलं नाही तर काढून टाका," असं क्लासच्या मालकांनी बजावलं होतं.

एके दिवशी मावशी माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. पदर सावरत म्हणाल्या, "सर, मेंढरं अशी न्हाय चालत. आमच्याकडं कळप हुता. समद्यांस्नी हाक पोचली, की मगच कळप हलतो, पर एकदम हलतो."

मी चमकलोच. आलेली आज्ञा लगेच पाळण्याऐवजी सगळ्या मेंढरांच्या आज्ञा आधी गोळा केल्या आणि मग पडदा एकदाच रंगवला. सोमवारी वीसही मेंढरं एकसाथ निघाली. मुलं ओरडली, मालकही हसले.

मावशींना मी मुद्दाम बोलावून दाखवलं. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "पर सर, ह्यांस्नी पाणी कुठं पाजायचं?"

मी लगेच खुर्ची ओढली आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक निळं तळं काढायला बसलो.