ज्येष्ठा पुन्हा पडली

माझी भक्ती बरीच वर्षं नुसती भीती होती, हे आधीच सांगून टाकते. नागपूरकडे महालक्ष्म्यांना सगळी घरं वचकून असतात. भाद्रपदात ज्येष्ठा आणि कनिष्ठा तीन दिवस माहेरी येतात. त्यांचं सगळं कडक, सोळा भाज्यांतली एक राहिली तरी बायकांचे चेहरे उतरतात. आमच्याकडे तर त्याहून मोठं घडलं होतं. पत्र्याच्या कोठीला साडी नेसवून वर पितळी मुखवटा चढवताना ज्येष्ठा माझ्या हातून निसटून खाली पडली. त्याच दिवाळीत माझा नवरा हृदयविकारानं गेला.

सासूबाईंनी दोन्हींची सांगड घातली, ती कायमची. नवऱ्याच्या छातीत उन्हाळ्यापासून दुखत होतं. बुटीबोरीच्या कारखान्यातून येतानाही तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचाच, आणि डॉक्टरचं नाव काढलं की तो अंगावर धावून यायचा. खर्र्याला कुणी बोल लावला नाही. बोल माझ्या हातांना लागला, आणि हळूहळू मलाही तो पटला. दूध ओततानासुद्धा हात कापायचे. माझ्या ऑफिसात वरची जागा चालून आली, ती मी नको म्हटली. आपल्या हातून काही नीट होणारच नाही, हे मी धरूनच चालले होते. महालक्ष्म्या दरवर्षी माझी जाऊ येऊन बसवायची, मी स्वयंपाकघरात पुरण शिजवत राहायचे.

यंदा जावेचा पाय मोडला. सासूबाई आता अंथरुणाला खिळलेल्या. विधवेनं बसवायच्या की नाही, हा प्रश्न त्यांनी सोयीनं गिळला आणि म्हणाल्या, "कुळाचारात खंड नाही पडला पाहिजे. तूच बसव. पण यंदा पाडलीस तं मले तोंड दाखवू नको."

मुहूर्त दुपारचा होता. दोन्ही कोठ्यांना साड्या नेसवल्या, दारापासून रांगोळीची पावलं काढली. ज्येष्ठेचा मुखवटा घेऊन स्टुलावर चढले आणि तिथंच अडकले. मुखवटा वर चढवेना, मला खाली उतरवेना. प्रार्थना सुचायला हवी होती, पण मला भयंकर राग आला. हात निसटला म्हणून माणूस उचलून नेते ती कसली देवी, असं मी तिच्या तोंडाकडे बघत मनात म्हटलं. पापच ते, पण म्हटलं खरं.

तेवढ्यात उघड्या दारातून एक अनोळखी म्हातारी त्या पावलांवरून सरळ आत आली. हातात ओटीचं सामान, कपाळावर घाम. गल्लीतल्या कुणाकडे तरी दर्शनाला निघालेली, घर चुकली होती. मला तशी पाहून म्हणाली, "काहून थांबल्या जी बाई? मुहूर्त निघून राहिला न."

मी दचकले. मुखवटा सुटला आणि फरशीवर खणकन आदळला.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "काय पडलं वं?"

म्हातारीनं वाकून ज्येष्ठा उचलली, पदरानं पुसली. कानाजवळ पोचा आला होता, त्यावरून अंगठा फिरवला आणि हसली. "पडली तं पडली. माहेरी आलेल्या लेकी होत ह्या. लेक पडली तं उचलून घेतेत, का रडत बसतेत? घ्या, बसवा."

मी घेतली. ज्याची इतकी वर्षं धास्ती होती ते होऊन गेलं होतं आणि माझे हात कापत नव्हते. ज्येष्ठा बसवली, मग कनिष्ठा. म्हातारीनं स्टूल धरून ठेवलं, दोघींची ओटी भरली, आणि मी साखर आणेपर्यंत निघूनही गेली. गल्लीत विचारलं, कुणाला ठाऊक नव्हतं. साक्षात महालक्ष्मीच आली होती, असं काहीजणी म्हणतात. मी म्हणत नाही. तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला मी पाहिला आहे. कुणीही असो, त्या घटकेला तिला वाट चुकवून माझ्या दारात ज्या कुणी आणलं, त्याच्यापुढे माझे हात जोडलेले आहेत.

मग मी आत गेले आणि सांगितलं, "ज्येष्ठा पडली, आई. उचलून बसवली."

"पुन्हा? माह्या पोराले खाल्लं, आता कोणाले खाशीन वं?"

वर्षानुवर्षं या वाक्याला मी मान खाली घातली होती. त्या दिवशी नाही घातली. नवरा परत येणार नाही, गेलेली वर्षंही नाहीत, आणि सासूबाई मरेपर्यंत असंच म्हणणार. ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात होतं ते मी करून आले होते, पुढचं देवीवर सोडलं. आता हात जोडले की चुकलं तर सांभाळून घे, एवढंच मागते.

दुसऱ्या दिवशी आरती झाली, नैवेद्य दाखवला. सासूबाईंचं ताट त्यांच्या उशाशी नेऊन ठेवलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, पुरणपोळीला हात लावला नाही. मी बाहेर येऊन महालक्ष्म्यांसमोर बसले आणि पोटभर जेवले.