काशिनाथनं काढलेलं पाटलोणवालं जनावर

आमच्या काशिनाथचं चित्र मी पुसलं. दुसऱ्या कोणी नाय.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळी वर्षश्राद्ध उरकलं, जेवणारे जेवून गेले. आता बसून लिहिते.

नात म्हणाली, "आजी, स्टोरी टाक, चोवीस तासांनी आपोआप जाते."
मी म्हटलं, जाणारं नको. राहणारं कुठं टाकतात ते दाखव.

काशिनाथ माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन पळसदरीला आली तेव्हा नऊ वर्षांचा होता. नावाला भावजी, नाक मीच पुसायची.

मोठा होऊन पेंटर झाला. मोहोपाड्याला टेंपोच्या नंबरप्लेटी रंगवायचा, दुकानांचे बोर्ड करायचा. 'येथे गाडी लावू नये' इतकं देखणं लिहायचा की लोक गाडी लावून वाचत बसायचे.

मी अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची आणि पोरं घरोघरून गोळा करून आणायची.

पोरं टिकायची नाहीत. आणलेली रडायची, वाडीवरची तर दारातूनच परत पळायची.

मीच त्याला म्हटलं, "भिंतीवर काढ रं कायतरी. पोरं बसली पाहिजेत."

दोन दिवस खपला. नंबरप्लेटीचा उरलेला ऑइल पेंट, काळा आणि पांढरा. बस, एवढाच माल. भंगारात सापडलेल्या एका फाटक्या विलायती पुस्तकात बघून काढलं.

पाटलोण घातलेलं जनावर.
कुत्रा होता की अस्वल, मला आजपर्यंत कळलेलं नाय.

पण हसायचं असं, की पोरं त्याच्या पोटाला हात लावल्याशिवाय खिचडीला बसायची नाहीत. वाडीवरची पोरं माझ्या आधी येऊन दारात उभी राहायला लागली.

मग एका रविवारी धरणाकडच्या बंगल्यातले एक साहेब वह्या वाटायला आले. भिंत बघितली, फोटो काढला.

"मावशी, हे कार्टून कंपनीचं आहे. परमिशन घेतली का? केस होईल बरं का!"

हसत बोलला होता तो. हे मला आत्ता आठवतं.
तेव्हा डोक्यात फक्त 'केस' शिरलं.

काशिनाथ कामावर होता. त्याची वाट बघितली नाय, कोणाला विचारलं नाय. चुना कालवला, कुंचा घेतला आणि जनावर पाटलोणीसकट पांढरं केलं.

दुसऱ्या दिवशी तो आला. खाऊची पाकिटं न्यायला आलेल्या चार बाया तिथंच उभ्या होत्या.

"वैनी, ह्ये काय केलंस?"

"मग काय करू? तुझ्या जनावरापायी अंगणवाडीला टाळं लावून घेऊ?"

"मला इचारायचं तरी गं. मी बदललं असतं. टोपी घातली असती, मिशा काढल्या असत्या."

"दुसऱ्याचं उचलून काढायचं आणि वर मिशा! चोर म्हणतात त्याला."

बाया हसल्या. मला जोर चढला. आणखी एकदा म्हटलं, चोर.

त्यानं आडवा पडलेला चुन्याचा डबा सरळ करून ठेवला आणि गेला.

केस कोणी केली नाय. साहेब पुढच्या वर्षी आला, वह्या वाटल्या, वर विचारतो, "अरे, ते चित्र कुठं गेलं? छान होतं की!"

ऑइल पेंटवर चुना धरत नाय. दर पावसाळ्यात पापुद्रे सुटायचे आणि आतून एक डोळा दिसायचा. पोरं ओरडायची, "मावशी, तो बघतोय!"
दसऱ्याच्या आधी मी परत कुंचा मारायची. असं किती वर्षं केलं, मोजलं नाय.

काशिनाथनं नंतर पोरांसाठी काही काढलं नाय. नुसत्या नंबरप्लेटी आणि बोर्ड.
नातीच्या वाढदिवसाला म्हटलं, "काढ रं हिला कायतरी."
"नको वैनी. कोणाचं तरी निघायचं."

मग जुनी अंगणवाडी पाडली. नवीन बांधली, तयार चित्रांच्या टाइल्स बसवल्या. पोरं त्यांना हातसुद्धा लावत नाहीत.

गेल्या वर्षी तो अंथरुणाला खिळला. तीन महिने पेज मी भरवली. बोलायला चिक्कार वेळ होता. पेजेत मीठ कमी झालं का, एवढंच बोलली.

आणि आज जेवणं झाल्यावर नात मोबाईलमध्ये बघून म्हणते, "आजी, ती जुनी विलायती कार्टूनं मोकळी झाली. आता कोणीपण काढू शकतं."

"मोकळी म्हणजे? आधी कोणाची होती?"
"कंपनीची."
"आणि ज्यानं काढली तो?"
"तो मेला गं कधीच."
"म्हणजे काढणारा गेला तरी कंपनी दारात बसून?"
"मुदत असते, आजी. आता संपली. पण सगळी नाय हां, फक्त पहिली-पहिली, काळी-पांढरी. नंतरची रंगीत अजून त्यांचीच."

काळी-पांढरी.
आमच्याकडं दुसरा रंग होताच कुठं?

तेव्हाचा कायदा काय होता, मला ठाऊक नाय. त्याचं चुकलं असेलही. पण चूक कळली असती तर त्यानं जनावराला मिशा काढल्या असत्या आणि पोरं तशीच बसली असती. मी त्याला ती संधी दिली नाय.

त्या चार बायांतल्या दोघी गेल्या. दोघी आहेत, त्यांच्या सुना हे वाचून दाखवतील. नीट मोठ्यानं वाचा.

काशिनाथ चोर नव्हता. चित्र काढायला मी सांगितलं होतं. भ्याली मी, आणि नाव त्याला ठेवलं.

हे त्याच्या तोंडावर बोलायचं होतं. राहिलं.

मी वयानं मोठी, मानानंही मोठी. तरी आज सगळ्यांदेखत तुझ्या फोटोच्या पाया पडली.
सुखानं राहा, भावजी.