भेकरांना नको असलेली फुलं

आत्या गेल्याचा निरोप थळच्या किनाऱ्यावर मचव्याच्या तांडेलाने आणला. मी शाळेतून परतत होतो. "मास्तर, तुमची आत्या..." एवढंच म्हणून त्याने मुरूडच्या दिशेला हात केला. आत्याने काही पाठवलं असेल असं वाटून मी विचारलं, "कुठे ठेवलंय?" तो खाली बघू लागला. निरोप कळायला मला बराच वेळ लागला. खरं म्हणजे अजूनही तो पुरता कळलेला नाही.

मुरूडच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला आत्याची वाडी. वरचं रान संस्थानच्या शिकारीसाठी राखलेलं, त्यामुळे तिथल्या भेकरांना कोणी हात लावायचा नाही. ती चिमुकली हरणं मात्र हवं तिथे तोंड लावायची. आत्याने माहेराहून आणलेली शेवंती त्यांनी खाल्ली, गुलाब खाल्ला, जास्वंदीचे कोंब खाल्ले. कुंपणाखालूनही ती शिरत. दुसऱ्या कुणी फुलांचा नाद सोडला असता. आत्या रानात जाऊन भेकरं कशाला शिवत नाहीत ते बघून आली. उग्र वासाची पांगळी, काटेरी कोरांटी, विषारी कंदाची कळलावी... यांचं बी ती गोळा करू लागली. बोंडं उकलण्याआधीच त्यांवर फडकी बांधायची, बी राखेत घोळवून करवंट्यांत चुलीवर टांगायची, मृगाच्या आधी पेरायची. वाफ्यात शेणखत पडू द्यायची नाही. "रानातल्या बीला खत दाखवलं की ते माजतं, फुलत नाही," म्हणायची.

नवं रोप आणलं की आधी शेजारच्या अमिनाबीच्या बकरीपुढे धरायची. अमिनाबी ओरडायची, "काकी, माझी बकरी काय तुझी मास्तरीण हाय?" एकदा बकरीने तेरडा हुंगून सोडला, म्हणून आत्याने वाफाभर तेरडा लावला आणि भेकरांनी तो एका पहाटे फस्त केला. आत्या पोट धरून हसली. "बकरी नापास!"

तात्यांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, हा उद्योग कधीच पटला नाही. कळलावी दारात लावली की घरात भांडणं होतात, असं आमच्याकडे मानतात. तात्या म्हणाले, "आणलीस ही? आता भांडणं." आत्या माती थापत म्हणाली, "त्यासाठी कळलावी कशाला हवी? तुम्ही आहात की." देवाला चालत नाहीत, भेकरांना चालत नाहीत अशी ही फुलं नक्की कोणासाठी होती, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता ते राहून राहून मनात येतं.

तेराव्यानंतर तात्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. टांगलेल्या करवंट्यांकडे बघत म्हणाले, "तू शिकलेला आहेस, हे पेर. यंदा पेरलं नाही तर बी मरेल. मग तिचं काही उरणार नाही." त्यांना मूलबाळ नव्हतं. ज्यांनी जन्मभर या वाफ्याला नावं ठेवली, त्यांनीच एक करवंटी सोडवून माझ्या हातात दिली.

मी निम्मं बी पेरलं, निम्मं राखून ठेवलं. कोंब छान आले, आणि एका सकाळी वाफ्यात नुसती देठं उरली होती. "यांना हे नको होतं ना?" तात्या मलाच विचारत राहिले. कोवळ्या कोंबाला अजून वास नसतो, काटा नसतो, हे माझ्या लक्षात आलं. पण आत्याचे कोंबही कोवळेच असणार. ते कसे वाचायचे?

अमिनाबी तिच्या परसातून म्हणाली, "काकीचं लुगडं कुठं हाय? कोंब आले की रोज अंगावरचं सोडून वाफ्यावर दोरीला टाकायची. माणसाच्या वासाला ती जनावरं बिचकतात."  पावसात लुगडं वाळत घालते म्हणून तात्या दर वर्षी तिच्यावर चिडत आले होते. तिने कारण एकदाही का सांगितलं नाही? सांगितलं होतं आणि ऐकलं गेलं नाही? त्यांना आठवत नाही. मला तर काहीच ठाऊक नाही.

तिची लुगडी वाटून झाली होती. ट्रंकेत एक हिरवं उरलं होतं, धुतलेलं, घडी घातलेलं. त्याला आता कसलाच वास नव्हता.

मी उरलेलं बी पेरून थळला परतलो. आषाढात पुन्हा गेलो तेव्हा वाफ्यावर ते हिरवं लुगडं भिजत होतं. अमिनाबीकडून कळलं, तात्या ते संध्याकाळी चुलीशी सुकवतात, रात्री पांघरून निजतात आणि सकाळी दोरीवर टाकतात. माणसाचा वास लागायला हवा, असं त्यांचं म्हणणं.

"काका," अमिनाबीने माझ्यादेखत विचारलं, "त्याला तुमचं धोतर टाकलं असतं तरी चाललं असतं न?"

 तात्यांनी दोरीवरून घसरलेला पदर सारखा केला, आणि मला म्हणाले, "बघ, कोरांटीला काटा धरतोय."