खंदारे सरांच्या हातातला पाय

खंदारे सरांची आणि माझी शेवटची भेट पालमच्या बाजारात झाली. मी मेथीच्या जुड्या निवडत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, उजव्या पायावर भार टाकंना झालात तुमी. कधीपासून?" ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली, माणूस थेट गुडघ्यावर! "पायरी चढताना दुखतो का उतरताना?" मी म्हटलं, उतरताना. "मग सोमवारी या. न्हाई म्हणू नका." सोमवारी घरी पाहुणे आले म्हणून मी गेले नाही, आणि बुधवारी सर गेल्याचाच फोन आला... आज दीड महिना होईल. त्यांनी किती माणसं चालती केली ते इतर लिहितील. मला एकाच गुडघ्याबद्दल लिहायचं आहे, माझ्या वडिलांच्या, आबांच्या. आणि त्या दिवसांत माझ्याकडून जे घडलं, त्याबद्दल.

नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावाचा ठराव होऊन काही वर्षं लोटली होती, तरी गावोगावची धग गेली नव्हती. आमचं गाव पालमपासून पाच-सहा मैलांवर. मी डी.एड. होऊन नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत घरी बसले होते. त्या साली आबा कापसानं भरलेल्या गाडीवरून पडले आणि त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली. प्लास्टर काढलं तेव्हा पाय काठीसारखा ताठ. वाकेचना. खाली बसता येत नसल्यामुळे सकाळी परसाकडे जायलासुद्धा दोन माणसं सोबत लागत, आणि आबांना त्याची मरणाची लाज वाटे. परभणीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, महिन्या-दीड महिन्यात वाकवला तर वाकला, नाहीतर जन्मभर असाच. चिठ्ठीवर त्यांनी एक नाव लिहून दिलं. पालमचे खंदारे, नागपूरला शिकून आलेले फिजिओथेरपिस्ट. हा शब्द आमच्या गावात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून लोकांनी त्यांना 'मालिशवाला' करून टाकलं. सरांना त्या शब्दाचा भयंकर राग. "मी मालिश करत न्हाई, व्यायाम करून घेतो," असं ते प्रत्येकाला न थकता सांगत.

पण खरी अडचण वेगळी होती. सर बौद्ध. आमच्याच गावच्या बौद्धवाड्यात त्यांची सख्खी आत्या राहायची, आणि नेमकं त्याच सुमारास गावच्या गिरणीनं वाड्याचं दळण घेणं बंद केलं होतं. ज्या बैठकीत ते ठरलं, तिथं माझे धाकटे चुलते दत्ताकाका सगळ्यांच्या पुढे होते. आबा मागे भिंतीला टेकून, प्लास्टरचा पाय लांब करून बसले होते. ते बंदीच्या बाजूनं एक शब्द बोलले नाहीत, पण 'हे बरं नाही' एवढंही म्हणाले नाहीत. सर रोज चारच्या सुमारास सायकलवर येत. कॅरियरला आत्यासाठी पालमहून दळून आणलेल्या पिठाची पिशवी बांधलेली असे. ती आधी वाड्यात देऊन मग ते आमच्याकडे येत आणि बाह्यांवरचं पीठ झटकून अंगणात हात धूत. पाणी मी घालत असे. तांब्या त्यांच्या हातात न देता, वरून. आज लिहितानाही शरम वाटते.

आधी गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलानं गुडघा शेकायचा, मग आबांनी पालथं झोपायचं. सर एक हात मांडीवर ठेवत, दुसऱ्यानं घोटा धरून टाच हळूहळू वर आणत, आणि जिथं पाय अडेल तिथं धरून तीसपर्यंत आकडे मोजत. मग टाच आणि कुल्ला यांच्यातलं अंतर स्वतःच्या वितीनं मापत. "आबा, पाय सोडा. ताठ धरू नका," हे त्यांनी किती वेळा म्हटलं असेल... पण आबा पाय सोडतच नव्हते. आठवडा गेला तरी अंतर साडेतीन वितींवरच. एकदा सर गेल्यावर आबा मला हळूच म्हणाले, "पोरी, पाय त्याच्या हातात हाय माझा. त्यानं मनात आणलं तर?" मी विचारलं, तो का आणील मनात? आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. का, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या आठवड्यात निघताना सरांनी मला सायकलपाशी बोलावलं. "ताई, आत चिकटलेलं हाय ते आता सुटायला आलंय. सुटताना एखाद्या वेळी कट्‌दिशी आवाज होतो, हाड मोडल्यावानी. पेशंट वरडतो. त्यात भ्यायचं काई न्हाई. पण तुमच्या काकांना आजच सांगून ठेवा. मी सांगितलं तर त्याचा वेगळाच अर्थ लावतील." मी मान डोलावली. काका समोर ओसरीवरच पान लावत होते, दहा पावलांवर. मी त्यांच्यासमोरून आत गेले. सांगितलं तर ते उपचारच बंद पाडतील अशी मला धास्ती होती... हे खरं, पण अर्धंच. काकांच्या तोंडाला तोंड द्यायची माझी छाती नव्हती, आणि कदाचित आवाज होणारही नाही, असं मी मनाला समजावलं.

आवाज दुसऱ्याच दिवशी झाला. खोलीत आम्ही तिघंच. सरांचे आकडे अठरा-एकोणीसवर आले असतील, तोच वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला आणि पाठोपाठ आबांची किंकाळी. काका धावतच आत आले. "मोडला! ह्यानं पाय मोडला दादाचा!" म्हणत त्यांनी सरांच्या पाठीत बुक्की घातली. मग दुसरी. तिसरी. सर वाकलेले होते, दोन्ही हातांत आबांचा पाय. हात वर करून त्यांना स्वतःला वाचवता आलं असतं, पण मग पाय आदळला असता. तो त्यांनी सोडला नाही. मार खात, दातांवर दात दाबून त्यांनी तो पाय इंचाइंचानं खाली आणला, उशीवर ठेवला आणि मगच ते सरळ झाले. मी भिंतीला चिकटून उभी होते. 'काका, त्यांनी आधीच सांगितलं होतं,' एवढंच मला म्हणायचं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग आबांना म्हणाले, "हाड शाबूत हाय. दिवसातून चार वेळा वाकवा, न्हाईतर परत धरंल." आणि सायकल घेऊन निघून गेले.

ते परत आले नाहीत. कसे येतील? दोन दिवस मी आबांचा पाय वाकवायला बघत होते, पण मला काही ते जमेना, आणि कमी झालेलं अंतर बोटाबोटानं परत वाढू लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आबांनी गाडी जुंपायला लावली. काका आडवे आले तर म्हणाले, "दत्ता, बाजूला हो. मला जन्मभर दोन माणसांच्या खांद्यावर बसायचं न्हाई." पालमला स्टँडमागच्या त्या अरुंद खोलीत सर एका म्हातारीचा खांदा हलवत होते. आम्हाला पाहून थबकले. आत बोलावतील की हाकलतील, काही कळेना. आबा खाटेपर्यंत गेले, पालथे झोपले आणि म्हणाले, "धर. सोडलाय आता." सरांनी म्हातारीचा खांदा अलगद सोडला. मग त्यांनी घोटा धरला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पाय त्यांच्या हाताबरोबर गेला... महिनाभरानं आबा उकिडवे बसून शेतात भुईमूग उपटत होते. आबांनी माफी मात्र मागितली नाही. मागायला हवी होती. गिरणी त्यांच्यामुळे उघडली असं लिहायला मला आवडलं असतं, पण ती पुढं कितीतरी दिवस बंदच राहिली.

नंतर मला पालमलाच शाळा मिळाली. पुढची सगळी वर्षं सर भेटत, आबांची विचारपूस करत, शाळेतल्या बायांच्या कंबरा बघायला येत. तो विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही नाही.

गेल्या आठवड्यात त्यांची मुलगी प्रज्ञा माझा गुडघा बघायला घरी आली. ती वडिलांचंच शिकली आहे. मला हात लावायच्या आधी तिनं माझ्या मुलाला आणि सुनेला बाहेर बोलावलं आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "गुडघ्यातून आवाज येईल. त्या ओरडतील. घाबरायचं नाही." मी म्हटलं, अगं, मी सांगितलं असतं त्यांना. ती हसली. "बाबांचा नियम होता, मावशी. घरच्यांना आपण स्वतः सांगायचं, निरोप कुणाकडं द्यायचा नाही. म्हणायचे, एकदा एका पोरीकडं दिला होता, ती बिचारी सांगायची विसरली."

विसरली! इतकी वर्षं त्यांनी ते असं सांगितलं होतं. मी म्हणाले, "प्रज्ञा, ती विसरली नव्हती. ती भ्याली होती. ती पोरगी मी." आणि मुला-सुनेदेखत मी तिला सगळं सांगितलं. निरोप, आवाज, काकांच्या बुक्क्या, माझी बंद वाचा. तिनं ते मान खाली घालून ऐकलं.

मग म्हणाली, "बाबांची पाठ शेवटपर्यंत दुखायची, मावशी. खुर्चीत उशी घेतल्याशिवाय बसता यायचं नाही. आम्हाला सांगायचे, सायकलवरून पडलो होतो."