नसलेल्या केबलचा हँडब्रेक

प्रिय ईशा आणि निनाद,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, आजोबांची गाडी विकताना काय झालं होतं?" मी विषय बदलला. तुमचे बाबा शेजारी होते आणि ते हसले असते. पण वय झालंय, आठवणी आपोआप सजायला लागतात. तसं होण्याआधी, घडलं त्या क्रमानं लिहून ठेवते.

आधीच सांगते – माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. शाळेत मुलींना मी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. आजही काय मानते, ते मला नीट सांगता येत नाही.

आपल्या जुन्या घराच्या पोर्चला गेटकडे चांगलाच उतार आहे, आठवतं ना? गेटबाहेर अरुंद रस्ता, आणि पलीकडे थेट बालवाडीचं फाटक. गाडी लावली की आजोबा मागच्या चाकाखाली सागवानी ठोकळा ठेवायचे. मी मात्र गाडी लावली की नुसता हँडब्रेक ओढायचे. यावरून आमचं चाळीस वर्षं भांडण.

"हँडब्रेक लावून ठेवला की मागचे ब्रेक चिकटतात, बाईसाहेब!"

"मग ठोकळे लावत बसायला ही काय बैलगाडी आहे?"

आजोबा गेल्यावर मी दर रविवारी चिकलठाण्यापर्यंत चक्कर मारायचे. परत आले की न्यूट्रल, हँडब्रेक, कुलूप. ठोकळा स्वयंपाकघराचं दार अडवायला घेतला होता. दोन वर्षं असंच.

मग घर सोडून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. नाशिकचे एक डॉक्टर गाडी घ्यायला तयार होते, पण अट एकच – ती स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर यायला हवी. नाहीतर भंगारवाला होताच. डॉक्टर येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी हलेना. मागची दोन्ही चाकं जाम.

आजोबांचे जुने मेकॅनिक सलीमभाई आले. पुढच्या चाकांमागे विटा लावून त्यांनी मागची बाजू जॅकवर उचलली. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. तरी चाक फिरेना.

"साब थे तब सीधी चलती थी," ते म्हणाले. "अब तुमकू देख के नखरे कर रई, भाभी."

आधी त्यांनी ब्रेकचं तेल सोडायचा निपल सैल केला. नळीत दाब अडकला असता तर तेल उडून चाक सुटलं असतं. तेल नुसतं ठिबकलं. चाक जाम ते जामच. मग चाक काढून ब्रेकचा ड्रम ओढला, तर तो हातानंच निघाला! आत ब्रेकचे शू मोकळे, गंज नाही. परत बसवला... पुन्हा जाम.

सलीमभाई गाडीखाली सरकले आणि तिथूनच ओरडले.

"भाभी, हँडब्रेक कौन लगाता?"

"मीच. दर रविवारी."

"कैसा लगाते? इसकू केबलच नै है."

मी वाकून पाहिलं. खरंच नव्हती. मी दोन वर्षं जे लिव्हर ओढत होते, ते कशालाही जोडलेलं नव्हतं.

केबल डिकीत सापडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तार पिंजलेली. दोऱ्यानं बांधलेल्या लेबलवर आजोबांचं टपोरं अक्षर: "केबल काढली आहे. नवी येईपर्यंत ठोकळा लावणे. वसुधाला सांगणे." म्हणजे मला.

मला तो गुरुवार आठवला. ते दिवसभर गाडीखाली होते. शुक्रवारी पहाटे झटका आला आणि वाचा गेली. हॉस्पिटलमध्ये ते डावी मूठ सारखी वर ओढून दाखवायचे, माझ्याकडे बघत. मी प्रत्येक वेळी पाण्याचा पेला पुढे केला... चौथ्या दिवशी ते गेले.

मी आत जाऊन ठोकळा आणला आणि पुढच्या चाकामागे, विटेशेजारी, नीट दाबून बसवला. "कळलं हो," असं मोठ्यानं म्हणाले, बहुतेक.

सलीमभाई चहाचा कप घेऊन लांब उभे होते. त्यांनी येऊन एका बोटानं मागचं चाक ढकललं. ते फिरलं. मग दुसरंही.

"ठोकाठाकी से छुट गया होंगा," ते म्हणाले. थोड्या वेळानं, हळूच – "पर दो साल रुकी कैसी?"

हा प्रश्न मी सगळ्या बाजूंनी तपासला. चाकं आधीपासून चिकटलेली असती, तर दर रविवारी गाडी चालली नसती. चिकटलेली नसती, तर पहिल्याच दिवशी ती उतारावरून थेट बालवाडीच्या फाटकात गेली असती. तिसरी शक्यता मला सापडत नाही.

सलीमभाईंनी नवी केबल टाकली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः चालवत गाडी घेऊन गेले. ती अजून छान चालते म्हणतात. ठोकळा मी त्यांच्याबरोबर दिला आणि तो लावायचाच, असं बजावलं.

माझ्याकडे ते लेबल आहे, दोऱ्यासकट. "वसुधाला सांगणे" या ओळीपुढे मी पेन्सिलनं बरोबरची खूण केली आहे.