भरल्या पानावरून उठलो म्हणून वाचलो!

मंडळी, लॅबच्या टर्मिनलवरून लिहितोय, बुटांत अजून वाळू आहे!

आज रूममेट सतीश, त्याची पुण्याहून आलेली आई आणि मी ॲरिझोनातल्या एका कॅन्यनमध्ये गेलो होतो. कड्याच्या कपारीत, पार वर, शेकडो वर्षांपूर्वीची घरं! काय बांधलीयत यार! कॅमेऱ्याचा अख्खा रोल तिथेच संपवला.

मग खाली कोरड्या ओढ्यात मस्त सावली बघून चादर अंथरली. काकूंनी धपाटी आणि दही वाढलं. पहिला घास घेतोय तोच वरून रेंजर ओरडला, "ओढ्यातून बाहेर या, लगेच! लांब डोंगरात पाऊस झालाय!"

सतीशने आईला ते सांगितलं. डोक्यावर आकाश निळंशार. काकू म्हणाल्या, "भरल्या पानावरून उठू नये. खाऊन जाऊ."

मग त्यांनी मान वर करून ती घरं पाहिली. "एवढ्या उंचावर उगीच नाही बांधली हो," म्हणाल्या आणि सगळ्यांत आधी त्याच उठल्या!

आम्ही वर पोचतोय तोवर लाल पाणी घोंघावत आलं. चादर, डबे, धपाटी, सगळं गेलं!

कॅन्यनमध्ये गेलात तर उंचावर बसून जेवा. आणि खरं सांगा, तुमची आई उठली असती?